घराचे पैसे आले कुठून? अमेरिकन नाटकांतलं 'ड्रीम'

तिसरी घंटा: महिनाभरात तीन अमेरिकन कौटुंबिक नाटकं लागोपाठ वाचली: आर्थर मिलरचं 'डेथ ऑफ अ सेल्समन' (१९४९), लॉरेन हॅन्सबेरीचं 'अ रेझिन इन द सन' (१९५९) आणि ऑगस्ट विल्सनचं 'फेन्सेस' (ब्रॉडवेवर १९८७). तिन्हींत घर आहे, आणि घरावर कुणाच्या तरी मरणाची नाहीतर जखमेची सावली आहे. विली लोमन हा फिरता विक्रेता. आपण मेलो तर विम्याचे वीस हजार डॉलर येतील नि पोरगा मार्गाला लागेल, हा त्याचा हिशोब. 'रेझिन'मधल्या शिकागोच्या कृष्णवर्णीय यंगर कुटुंबात वारलेल्या बापाच्या विम्याचे दहा हजार येतात, त्यातले साडेतीन हजार भरून आई घर घेते. 'फेन्सेस'मधला ट्रॉय कचरागाडीवर राबतो, पण स्वतःच कबूल करतो की युद्धात डोक्याला जखम झालेल्या भावाला जे तीन हजार मिळाले त्यांच्यावर हे छप्पर उभं आहे.

मग 'मेहनत करा, सगळं होईल' हे अमेरिकन स्वप्न थोतांडच नाही का? पटत नसेल तर बोला.

हप्तेबाज: अहो, जरा नीट वाचा. विलीच्या घराला विम्याचा एक डॉलर लागलेला नाही. पंचवीस वर्षांचं कर्ज, मरायच्या आधी जवळजवळ फिटलेलं. शेवटी शेवटी शेजारच्या चार्लीकडून आठवड्याला पन्नास डॉलर उसने आणायचा आणि बायकोला पगार म्हणून दाखवायचा, हे खरं. पण तोच चार्ली त्याला तेवढ्याच पगाराची नोकरी देऊ करतो, तर हा नाही म्हणतो! ऐट जात नाही. विलीचं तत्त्व एकच: चारचौघांत आपण आवडते असलो की झालं. चार्लीचा मुलगा बर्नार्ड बघा. शाळेत विलीच्या पोराला गणिताची उत्तरं पुरवायचा, मोठेपणी सुप्रीम कोर्टात केस लढायला निघतो आणि त्या केसचा साधा उल्लेखही करत नाही. स्वप्नाला कशाला नावं ठेवता?

विंगेतून: हप्तेबाज, ऑफिसचा प्रवेश विसरलात वाटतं. चौतीस वर्षं नोकरी करून विली म्हणतो, आता फिरती झेपत नाही, इथेच काहीतरी द्या. मालक हॉवर्ड, ज्याला विलीने लहानाचा मोठा होताना पाहिलं, तो नव्या रेकॉर्डिंग यंत्रावर पोरीची शिट्टी ऐकवण्यात दंग. विली आधी आठवड्याला पासष्ट डॉलर मागतो, मग पन्नास, मग चाळीस. आपणच आपली किंमत उतरवत जातो, आणि तरी नोकरी जाते. रंगमंचावर हे बघताना घशाशी येतं. आणि चाळीसलाही नाही म्हणणाऱ्या मालकासमोर ऐट कसली राव?

शेवटाकडे तो रात्री टॉर्च घेऊन परसात गाजर-बीट पेरतो. चहूबाजूंनी उंच इमारती, ऊन यायला जागा नाही. नेपथ्यच सगळं सांगतं.

गॅलरीतली: तुम्ही दोघं विलीलाच धरून बसलात. यंगर कुटुंबाची गोष्टच वेगळी आहे. त्यांच्या हातात पैसे आहेत, घर ठरलंय, आणि गोऱ्यांच्या वस्तीतून लिंडनर नावाचा सभ्य गृहस्थ येऊन म्हणतो, जास्त पैसे देतो, पण येऊ नका. स्वप्न खोटं नाही हो, दाराला आतून कडी आहे! हॅन्सबेरीने हे घरीच पाहिलं होतं. तिच्या वडिलांनी १९३७ साली शिकागोत अशाच वस्तीत घर घेतलं. दगडफेक झाली, लहानगी लॉरेन थोडक्यात वाचली, आणि खटला १९४० साली सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. स्वप्नाला थोतांड म्हणायला आधी ते मिळावं तरी लागतं.

हप्तेबाज: मान्य. पण उरलेले साडेसहा हजार थोरल्या मुलाने, वॉल्टरने, दारूच्या दुकानात घालायला मित्राच्या हाती दिले. त्यात बहिणीच्या डॉक्टरकीचे तीन हजार. मित्र पसार. ते लिंडनरने केलं का?

गॅलरीतली: नाही केलं. पण वॉल्टर दिवसभर दुसऱ्याची गाडी चालवतो. साहेबाला मागच्या सीटवर काय बोलताना ऐकत असेल? हाच शॉर्टकट त्याला दिसणार. आणि शेवटी लिंडनरला नाही म्हणतो तोही तोच.

तिसरी घंटा: हप्तेबाज, विलीच्या हप्त्यांचं माझं चुकलं, मागे घेतो. पण मग कष्टाने फेडलेलं घर तरी विलीला कुठे लाभलं? थडग्यापाशी त्याची बायको लिंडा म्हणते, आज शेवटचा हप्ता भरला, आणि आता घरात कुणी नसणार. विम्याचे पैसे मिळाले की नाही, हे मिलर सांगतसुद्धा नाही.

न्यू जर्सीकर: माझं तीस वर्षांचं कर्ज, त्यातली अकरा झाली. विलीची तक्रार आठवते का, की फ्रिजचे हप्ते संपतात तेव्हाच फ्रिज संपतो? काल आमचा डिशवॉशर गेला. वॉरंटी मागच्या महिन्यात संपली. तुमचं चालू द्या, मी भांडी घासून येतो.