सल्ला हवा: आठवा महिना सुरू, बाळ दत्तक द्यायचा विचार आहे, नागपुरात रीतसर मार्ग कोणता?

हिंगणा_कोपरा (धागाकर्ती): नवीन आयडी काढून लिहितेय. वय २७, लग्न झालेलं नाही, बाळाच्या बापाने सिम बदललं. गावी कुणाला माहीत नाही, सध्या सांगायचंही नाही. बाळ चांगल्या घरी जावं असं वाटतं पण अजून पक्कं नाही. डिलिव्हरी कुठे करू, शेवटचा महिना राहायची सोय कुठे होईल आणि कागदोपत्री काय असतं एवढंच सांगा. सगळं धरून २५,००० च्या आत. लग्न कर, पाडून टाक हे सल्ले नकोत, दोन्हीची वेळ गेली.

रामदासपेठ_मम्मी: आधी चांगला डॉक्टर पकड, बाकी नंतर. माझी दुसरी डिलिव्हरी प्रायव्हेटला झाली, एसी रूम, सोबतच्याला वेगळा बेड, डाएटचं जेवण, दीड लाख गेले पण कुणाचा एक शब्द ऐकावा लागला नाही. अशा वेळी पैशाकडे बघू नये.

हिंगणा_कोपरा: ताई, पंचवीस हजार लिहिलंय.

संत्रा_बर्फी: सरकारीत जा ना बाप्पा. गांधीबागेत डागा आहे, खास बायकांचाच सरकारी दवाखाना, नाहीतर मेडिकल, मेयो ही सरकारी कॉलेजची मोठी हॉस्पिटलं आहेतच. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात नॉर्मल असो का सिझर, औषधं, तपासण्या, रक्त सगळं फुकट, नॉर्मलला ३ दिवस न सिझरला ७ दिवस जेवण, घरी सोडायला गाडी पण. माह्या वहिनीचं सिझर मेडिकलले झालं, एक रुपया लागला नाही. चादर अन पाण्याची बाटली घरून ने.

महालवाला: मेयोच बरं. स्टेशनच्या जवळ, रात्रीबेरात्री ऑटो भेटते.

संत्रा_बर्फी: अरे ती हिंगण्याची हाय, तिले मेयो कायले सांगून राह्यला? अख्खं शहर पार करून जाईन का कळा देत?

महालवाला: तुमची डागा तरी कुठं हिंगण्यात हाय?

सदर_काकू: बाई, पहिल्यांदा लेकराचं तोंड पाहा, मग बोल. आमच्या शेजारची एकटीनं वाढवून राह्यली, आता पोरगी सीबीएसईत आहे. बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० भेटतात, नाव सावित्रीबाईंचं आहे योजनेला. आजकालच्या मुलींना सगळं पटकन मोकळं व्हायचं असते.

मानेवाडा_२३: काकू, २,२५० मध्ये दूध आणि डायपर तरी येतात का? तिने विचारलंय काय, तुम्ही सांगता काय. माझ्या मुलाला कुठला डायपर सूट झाला ते विचाराल तर मी सांगू शकते, बाकी मला अनुभव नाही.

झुला_रिकामा: आम्ही 'कारा'त (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) नाव नोंदवून तीन वर्षं होऊन गेली, नंबर हलतच नाही. घर त्रिमूर्तीनगरात स्वतःचं, दोघंही नोकरीत. थेट आम्हालाच दिलं तर राहणं, डिलिव्हरी, पुढचे सहा महिने सगळा खर्च आम्ही करू, वर तुम्हाला काही द्यायचं तेही बघू. नंबर देतोय. (नंबर काढला आहे. – व्यवस्थापक)

काळा_कोट: झुला, तुमचं दुःख कळतं, पण हे लिहून तुम्ही स्वतःला आणि हिलाही अडकवाल. बाल न्याय कायदा २०१५, कलम ८१, मुलाची खरेदी-विक्री, ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख दंड. देणारा, घेणारा दोघंही त्यात येतात, आणि यात दवाखान्यातली माणसं असतील तर शिक्षा ३ ते ७ वर्षं. 'खर्च देतो' म्हणून सुरुवात होते आणि पोलीस त्याला वेगळं नाव देतात.

हिंगणा, तुमच्यासाठी. याच कायद्यात कलम ३५ आहे, मूल 'समर्पण' करणं. बाळ जन्मल्यावर बाल कल्याण समितीपुढे (मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची सरकारी समिती) जायचं, त्या आधी समुपदेशन होतं, आणि समर्पणपत्रावर सही समितीसमोरच होते. लग्नाशिवाय झालेलं बाळ असेल तर सही फक्त आईची चालते, बापाला शोधत बसावं लागत नाही. सहीनंतर दोन महिने विचार बदलायची मुभा असते, तेवढ्यात बाळ परत मागता येतं. ते उलटले की समिती बाळाला दत्तकासाठी मोकळं जाहीर करते आणि मग 'कारा'च्या यादीतून घर मिळतं. तुम्ही स्वतः घर निवडू शकत नाही हे आधीच माहीत असू द्या. जन्माआधी कोणी कुठल्याही कागदावर सही मागितली तर करू नका, कितीही गोड बोलत असला तरी.

झुला_रिकामा: आम्ही काही दलाल नाही हो. सगळे नियम आमच्यासारख्यांनाच.

वर्धारोड_विकी: माझ्या मित्राच्या मावसबहिणीला तर म्हणे सही केली की विषय संपला, परत काही मिळत नाही.

काळा_कोट: दोन महिने. वर लिहिलंय.

जुनी_बर्डी: मी दिलंय. बरीच वर्षं झाली. एका कार्यालयातल्या बाबूने बापाचं नाव सांगा म्हणून तासभर बसवून ठेवलं होतं, सांगायचं बंधन नव्हतं पण मला माहीतच नव्हतं. म्हणून सांगते, एक खंबीर बाई सोबत ने, समर्पणपत्राची प्रत मागून घे. बाळाची ओळख पटेल असं काही कुणी छापलं तर त्यालाही शिक्षा आहे, धमकावलं तर हे सांग. आणि घराण्यात शुगर, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असं काही असेल तर लिहून दे, आपल्या विदर्भात सिकलसेल पुष्कळ आहे आणि पुढच्या आईला तेच लागतं. स्वतःची सिकलसेल तपासणी सरकारीत करून घे. अठरा वर्षांनी मूल आपलं मूळ शोधू शकतं, पण तुझी संमती नसेल तर तुझी ओळख देत नाहीत. मी 'चालेल' लिहून दिलंय. आठवण येते का, येते. त्यावर इथे चर्चा नको.

रामदासपेठ_मम्मी: बिचारी. तरी मी सांगते डॉक्टर चांगलाच हवा.

संत्रा_बर्फी: राहायचं काय करता मग? १८१ ला फोन लावा, महिला हेल्पलाईन, सखी वन स्टॉप सेंटरमध्ये पाच दिवसांपर्यंत ठेवतात, तिथून शक्ती सदनात, म्हणजे अडचणीतल्या बायकांच्या सरकारी निवाऱ्यात पाठवतात, आधी त्याला स्वाधार गृह म्हणायचे. जेवण, राहणं फुकट.

सदर_काकू: वसतिगृहात कशाला, लोक काय म्हणतील. मंदिराच्या आश्रमात ठेवा, माझी ओळख आहे.

हिंगणा_कोपरा: काकू, लोकांना कळू नये म्हणूनच विचारतेय. काळा कोट सर, एक विचारू? बाळाच्या जन्माच्या दाखल्यावर वडिलांचं नाव लागेलच का?

काळा_कोट: नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, एकट्या आईने प्रतिज्ञापत्र दिलं की वडिलांच्या नावाची सक्ती नाही. दवाखान्यात विचारलं तर रिकामं ठेवा म्हणायचं. शांतपणे, भांडू नका, त्यांना रोज तीनशे फॉर्म भरायचे असतात.

मानेवाडा_२३: एखाद्या रात्री फारच जड झालं तर टेलि मानस १४४१६ ही मानसिक आधाराची सरकारी हेल्पलाईन आहे, मराठीत बोलता येतं. हसू नका कुणी.

हिंगणा_कोपरा: सगळ्यांचे आभार. ठरवलं ते सांगते. सदनात किंवा आश्रमात जाणार नाही. बुटीबोरीच्या माझ्या सहकारी मैत्रिणीची खोली आहे, तिच्याकडेच राहणार, भाडं अर्धं. डिलिव्हरी मेडिकलला. दत्तक द्यायचं की नाही ते आज ठरवत नाहीये, बाळ झाल्यावर समितीकडे जाईन, मैत्रीण सोबत येईल, आणि सही केलीच तरी पुढचे दोन महिने माझे आहेत. पंचवीस हजारात बसतं.

संत्रा_बर्फी: बुटीबोरीहून मेडिकल? मग काय उपयोग माह्या सल्ल्याचा! रात्री गाडी नाही भेटली तर? १०२ हा ॲम्ब्युलन्सचा नंबर लिहून भिंतीले चिकटव.

महालवाला: बघा, मेयो म्हणालो होतो.

गोंडवाना_गप्पी: आत्ताच धागा पाहिला, वरचं वाचलं नाही. ताई, १०९८ चाइल्ड हेल्पलाईनला फोन करा, ते सगळं सांगतात.