२०१५ चे तुमचे टॉप पाच मराठी सिनेमे, आणि ते कुठं, कोणाबरोबर बघितले?

परवा कपाट आवरताना जुन्या पर्समध्ये सिनेमाचं तिकीट सापडलं. शाई पार उडालेली, नुसता गुळगुळीत कागद, मागं माझ्याच अक्षरात 'किल्ला, आईबरोबर' एवढंच. तेव्हापासून २०१५ डोक्यात घोळतंय. कोर्ट, किल्ला, डबल सीट, हायवे, कट्यार, सगळे एकाच वर्षात हो! म्हणून हा धागा. नियम एकच, सिनेमा २०१५ मध्ये थेटरात लागलेला पाहिजे. आणि नुसती यादी टाकून पळायचं नाही.

माझा क्रम: किल्ला, कोर्ट, डबल सीट, कट्यार, हायवे.

किल्ला पहिला कारण माझ्या आईची पण नोकरी बदलीची होती आणि बाबा गेल्यावर चौथी ते आठवी मी तीन शाळा बदलल्या. त्यात तो चिन्मय पावसात किल्ल्यात एकटा राहतो आणि मित्र सायकली घेऊन निघून गेलेले असतात ना, तिथं माझा घसाच दाटून आला. अविनाश अरुणनं कॅमेरा पण स्वतःच केलाय, ते आभाळ बघून अंगावरचे कपडे ओले झाल्यासारखे वाटतात. इंटरव्हलला आईनं विचारलं, "तुला पण असंच व्हायचं का गं?" मी "छे" म्हटलं आणि पॉपकॉर्न आणायला गेले. लाइन नव्हतीच, तरी दहा मिनिटं तिथंच उभी राहिले.

---

माझा नंबर एक एलिझाबेथ एकादशी. पंढरपूर, ती सायकल, बांगड्यांचं दुकान, तोड नाही.

---

अहो तो नोव्हेंबर २०१४ चा. बाद.

---

कट्यार, कट्यार आणि कट्यार. कोल्हापुरात दिवाळीत बघितला. खरं तर आम्ही सलमानच्या पिक्चरला गेलेलो, १२ नोव्हेंबरलाच तो पण लागलेला, तिकिटं संपली म्हणून वडील म्हणाले चला आता आलोय तर हाच बघू. आमचे वडील म्हणजे वसंतराव देशपांड्यांचं नाटक बघितलेला माणूस, त्यामुळं बसतानाच हाताची घडी. सचिन खाँसाहेब म्हणून आला की नाक मुरडायचे. पण 'सुरत पिया की' सुरू झालं, राहुल देशपांडेचा आवाज, आजोबांचंच गाणं नातवाच्या गळ्यात, आणि बघतो तर वडलांची घडी सुटलेली, मांडीवर बोटं चाललेली. बाहेर आल्यावर म्हणाले, "नाटकाची सर नाही." पुढच्या रविवारी स्वतःच्या पैशानं परत जाऊन बघून आले, एकटेच, आईला सांगितलं बँकेत जातोय. रविवारी!

बाकीचे चार नंबर नंतर टाकतो.

---

कट्यारची गाणी मान्य, महेश काळेला 'अरुणी किरणी'साठी नॅशनल अवॉर्ड मिळालं तेही बरोबरच. पण सिनेमा म्हणून फार भडक वाटला मला. शंकर महादेवनला आवाज गेलेला पंडितजी करायला लावायचं ही आयडिया भारी, पण शेंदूर खाऊ घालण्याचा प्रकार म्हणजे सिरियलच झाली. मारा दगड.

---

कोर्ट. दुसरा नंबर रिकामा ठेवतो.

मी तेव्हा नागपूरला एका वकिलांकडं ज्युनियर होतो, काम म्हणजे फाइली उचलायच्या, पुढची तारीख डायरीत लिहायची आणि सरांचा डबा आणायचा. सिनेमा लागायच्या आधीच नॅशनल अवॉर्ड जाहीर झालेलं, म्हणून वाटलं गर्दी असेल. आम्ही मोजून नऊ जण. कॅमेरा हलतच नाही, लोक येतात जातात, पुढच्या रांगेतले काका बायकोला म्हणाले अजून सुरू नाही झाला का. मला मात्र हसू येत होतं आणि नंतर येईना. स्लीव्हलेस घातलं म्हणून बाईची केस पुढं ढकलतात, सरकारी वकील पाढे म्हटल्यासारखी कलमं वाचते आणि मग लोकलनं घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. गीतांजली कुलकर्णीला बघून वाटलं ह्या बाईंना मी रोज बार रूममध्ये चहा पिताना बघतो. कोणी राक्षस नाही हो त्यात, सगळे घाईत आहेत, बस.

नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार आमच्या नागपूरचेच, एप्रिल २०२१ मध्ये कोरोनानं गेले. त्यानंतर परत लावला होता, सुरुवातीला ते मुलांची शिकवणी घेतात तिथंच बंद केला.

---

हायवे बघायला पुण्याला निघालो आणि खंडाळ्याच्या घाटात अडीच तास अडकलो. शो गेला. पुढं टीव्हीवर लागला तर त्यात एक्स्प्रेसवेवर गाड्या अडकलेल्या! पाचवा नंबर, सहानुभूतीनं.

---

क्रम वगैरे जमत नाही मला, माझा एकच, डबल सीट. लग्न होऊन परळच्या चाळीत आले तेव्हा एक खोली, सासू-सासरे, दीर आणि आम्ही. मोरीला पडदा, तो वर केला की पाय दिसायचे आणि खाली केला की डोकं. त्यामुळं अंकुश आणि मुक्ता स्वतःच्या घरासाठी जी धडपड करतात त्यातलं मला काहीच 'फिल्मी' वाटलं नाही. सासूबाईंना मुद्दाम बरोबर नेलं होतं. वंदना गुप्तेंना बघून म्हणाल्या, "ही बरी आहे, मी एवढी पण चांगली नव्हते." थेटरात मला हसू आवरेना, मागचे शुक शुक करायला लागले.

---

सगळे एवढे सिरियस का झालेत? दगडी चाळ पहिला, क्लासमेट्स दुसरा. हॉस्टेलवर चौदा जण एकदम गेलेलो, दोघांच्या तिकिटाचे पैसे मला अजून यायचेत.

---

धागाकर्ती परत आलेय. काल रात्री आईला फोनवर हे सगळं वाचून दाखवलं, वडलांची रविवारची बँक ऐकून खूप हसली. मग विचारलं तुझा नंबर एक कोणता. म्हणाली, "कट्यार."

मी म्हटलं आणि किल्ला?

"तो चांगलाच होता गं. पण मी परत नाही बघणार."

घ्या, कट्यारला अजून एक मत. आणि ते कोल्हापूरकर, तुमचे चार नंबर राहिलेत.