मदत हवी आहे: बँकॉक ते सिंगापूर विमान आणि पुढे मुंबईचं कनेक्शन

नमस्कार मंडळी,

आई-बाबा (72 आणि 76) सध्या सिंगापूरला ताईकडे आहेत. त्यांचं परतीचं तिकीट सिंगापूर-मुंबई असं आधीच काढलेलं आहे. मधले चार दिवस ते बँकॉकला जाणार आहेत आणि शेवटच्या दिवशी बँकॉकहून सिंगापूरला उतरून तसंच पुढे मुंबईचं विमान धरणार आहेत.

बँकॉक-सिंगापूर हवाई अंतर साधारण 1400 किमी, प्रवास जवळपास अडीच तासांचा. मी वेळापत्रकात 12 ला निघून 3:25 ला पोहोचणं पाहिलं आणि साडेतीन तास धरून बसलो. मग लक्षात आलं की सिंगापूरचं घड्याळ बँकॉकच्या एक तास पुढे आहे. दोन्ही शहरं जवळपास एकाच रेखांशावर आहेत, विमान बरंचसं दक्षिणेकडेच जातं, त्यामुळे हा फरक डोक्यातच आला नव्हता.

मुंबईचं विमान 6:30 चं. दोन्ही तिकिटं वेगवेगळी, कंपन्याही वेगळ्या. म्हणजे चांगीला (सिंगापूरच्या विमानतळावर) इमिग्रेशन, बॅगा घेणं, पुन्हा चेक-इन, सगळं आलंच. व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे. बाबांना व्हीलचेअर लागते.

तीन तास पुरतील का? की सकाळचं विमान घ्यावं? आणि बँकॉकहून निघताना डॉन मुआंग की सुवर्णभूमी, वयस्कर माणसांना कुठलं विमानतळ सोपं पडतं? नुकतंच कुणी आई-वडिलांना असं आणलं असेल तर कृपया सांगा, उद्यापर्यंत तिकीट काढायचं आहे.