शब्दचर्चा: रॉक संगीताचा प्रभाव, पगडा की परिणाम?

अर्धविराम
पॉप आणि रॉक संगीतावर एक लेख लिहितोय. शीर्षक ठेवलं होतं ‘रॉक संगीताचा समाज व संस्कृतीवरील प्रभाव’. एका मित्राने वाचून विचारलं, ‘प्रभाव पडला म्हणजे नक्की काय झालं?’ मला सांगता येईना. तोच तो शब्द नको म्हणून लेखात प्रभाव, परिणाम, पगडा, छाप, ठसा हे सगळे आलटून पालटून वापरलेत. फरक करायचा तर कसा करावा? आणि ‘रॉक’ला मराठी शब्द आहे का?

वेलांटी
आधी क्रियापदं बघा. प्रभाव पडतो, ठसा उमटतो, पगडा बसतो, परिणाम होतो. नामं एकमेकांच्या जागी खपून जातील असं वाटतं, पण सोबतची क्रियापदं खपू देत नाहीत. पगडा बसायला मन लागतं. विचारांवर बसेल, एखाद्या पिढीवर बसेल; ‘विक्रीवर पगडा बसला’ कुणी म्हणत नाही. शिवाय त्यात किंचित तक्रार असते. ज्याच्यावर बसलाय त्याला ते कळत नाही, आपल्याला मात्र कळतं, असा बोलणाऱ्याचा सूर असतो. परिणाम कशावरही होतो, पण तो दाखवावा लागतो: आधी असं होतं, मग तसं झालं.

‘प्रभाव’ मूळचा सामर्थ्य, तेज या अर्थाचा. राजाचा प्रभाव, तपाचा प्रभाव. तो ज्याचा त्याच्याजवळ असतो. समोरच्याचं काय झालं हे त्यात यायलाच हवं असं नाही. तुमचा मित्र अडला तो इथेच.

जुना वाचक
प्रभावळ यातलीच का?

वेलांटी
नाही. ती प्रभेची, म्हणजे ‘भा’ धातूची, प्रकाशणे या अर्थाची. प्रभाव ‘भू’चा. रंगमंचावर गायकामागे दिव्यांची कमान लावतात तिला मात्र खुशाल प्रभावळ म्हणा.

तबकडी
‘रॉक’चं सांगतो. एकदा छापील मजकुरात ‘खडक संगीत’ वाचलंय, त्यामुळे हे सांगणं भाग आहे: हा रॉक दगडातला नाही, डुलण्यातला आहे. रॉक आणि रोल म्हणजे जहाजाचे हेलकावे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत हे शब्द दोन टोकांना वापरले जात: चर्चमध्ये भक्तीत डोलणं हाही रॉक आणि शृंगारातली सूचक बोलीही तीच. 1922 साली ट्रिक्सी स्मिथ या गायिकेने ध्वनिमुद्रित केलेल्या एका ब्लूज (कृष्णवर्णीयांच्या दुःखगीतांचा प्रकार) गाण्याच्या नावातच दोन्ही शब्द आहेत, आणि तिथे जहाजाचा काही संबंध नाही.

पण खरी गंमत नाव बदलण्यात आहे. कृष्णवर्णीयांचं संगीत ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे वंशावरून ओळखल्या जाणाऱ्या तबकड्या, म्हणून वेगळं विकलं जाई. 1949 च्या जूनमध्ये ‘बिलबोर्ड’ या संगीत व्यवसायाच्या साप्ताहिकाने आपल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीचं नाव बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ केलं. हा शब्द सुचवणारे जेरी वेक्सलर तेव्हा तिथे पत्रकार होते. पुढे 1951 पासून क्लीव्हलंडच्या रेडिओवर अ‍ॅलन फ्रीड तेच संगीत लावायला लागले, आणि श्वेतवर्णीय मुलं ऐकायला लागली तसं फ्रीड यांच्या तोंडून ‘रॉक अँड रोल’ हे नाव रुळलं. नवं काहीच नव्हतं असं नाही, पण नाव बदललं ते मुख्यतः गिऱ्हाईक बदललं म्हणून. तेव्हा ‘रॉकचा समाजावर प्रभाव’ म्हणताना जरा थांबा. इथे समाजानेच आधी संगीतावर शिक्का मारलाय.

मराठी शब्द शोधू नका. ‘डोलगीत’ वगैरे केलंत तर बालवाडी आठवेल.

अर्धविराम
‘डोलगीत’ मी खरंच लिहून ठेवलं होतं. खोडतो.

जुना वाचक
छाप आणि ठसा यांचं राहिलं. मला दोन्ही सारखेच वाटतात.

तबकडी
गाण्यांच्या तबकड्यांच्या धंद्यात ठसा ही शब्दशः वस्तू आहे. मूळ खोदकामावरून धातूचा उलटा साचा काढतात, त्यात खाचांच्या जागी उंचवटे असतात. असे दोन साचे समोरासमोर बसवून मध्ये गरम व्हायनलचा (एक प्रकारचं प्लास्टिक) गोळा ठेवून दाबतात. काही सेकंदांत दोन्ही बाजू उमटतात, कडेला पसरलेला जास्तीचा भाग कापून टाकतात. एका ठशातून शेकडो प्रती. ठसा म्हणताना मला हे दिसतं: एकच आकृती, पुष्कळांवर, सारखी. छाप त्यापेक्षा वरवरची. पहिल्या भेटीतही पडते.

उलट उदाहरण देतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघातल्या लेनिनग्राडमध्ये परदेशी आणि बंदी घातलेली गाणी मिळत नसत. काही खटपटी लोकांनी इस्पितळांतून टाकून दिलेल्या क्ष-किरण फिल्म गोळा केल्या. कात्रीने गोल कापायच्या, मधलं भोक सिगारेटच्या निखाऱ्याने पाडायचं आणि घरगुती यंत्रावर खाचा कोरायच्या. आधी देश सोडून गेलेल्या रशियन गायकांची गाणी आणि जाझ, नंतर रॉक अँड रोल. उजेडात धरलं तर कुणाच्या तरी बरगड्या दिसत, म्हणून लोक त्यांना ‘बरगड्या’च म्हणत. एकाच बाजूला गाणं, आणि थोड्याच वेळा वाजवलं की खरखर उरे.

आता याला काय म्हणाल? ठसा नाही, कारण एकेक तबकडी वेगळी कोरलेली. पगडा म्हणावं तर कुणी लादलेलं काही नाही, लोक जोखीम पत्करून ते मिळवत होते. मला ‘ओढ’ हा शब्द सुचतो.

वेलांटी
‘ओढ’ फार चांगला. वरच्या सगळ्या शब्दांत समाज खाली बसलाय आणि वरून काहीतरी त्याच्यावर पडतंय. ओढ मात्र ऐकणाऱ्याची असते. लागते तीही, पण ज्याची त्याला.

रफार
‘वेड’ आणि ‘खूळ’ विसरलात सगळे. बीटल्स या इंग्लंडच्या रॉक गटाच्या वेळी ‘बीटलमेनिया’ शब्द निघाला; मेनिया म्हणजे वेड. 9 फेब्रुवारी 1964 ला ते अमेरिकेत एड सुलिव्हनच्या कार्यक्रमात आले तेव्हा सुमारे 7 कोटी 30 लाख लोक दूरचित्रवाणी बघत होते. पण हा साचा जुना आहे. 1844 मध्ये कवी हाइने याने पियानोवादक लिस्टच्या चाहत्यांसाठी ‘लिस्टोमेनिया’ म्हटलं होतं. मराठीत याचं भाषांतर कोण करतंय त्यावर ठरतं. वेड स्वतःबद्दलही अभिमानाने सांगता येतं. खूळ नेहमी दुसऱ्याच्या डोक्यात शिरलेलं.

याच कार्यक्रमात 6 जानेवारी 1957 ला रॉक गायक एल्विस प्रेस्लीला फक्त कमरेच्या वर दाखवलं होतं, त्याचं कंबर हलवणं दिसू नये म्हणून. म्हणजे बघणाऱ्यांचं ते वेड, कॅमेरा लावणाऱ्यांच्या लेखी खूळ.

जुना वाचक
मग ‘परिणाम’ म्हणता येईल असं एक तरी पक्कं उदाहरण द्या. नाहीतर सगळं हवेतच.

रफार
चेकोस्लोव्हाकिया. प्रागमधला ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ हा रॉक गट 1968 मध्ये, सोव्हिएत रणगाडे आले त्याच वर्षी सुरू झाला. कम्युनिस्ट राजवटीत त्यांचा व्यावसायिक परवाना गेला, तरी ते खासगीत वाजवत राहिले. 1976 मध्ये धरपकड झाली आणि त्या वर्तुळातल्या चौघांना 8 ते 18 महिन्यांची शिक्षा झाली. आरोप राजकीय नव्हता, आपल्याकडच्या शब्दांत दंगामस्तीचा. नाटककार वाक्लाव हावेल खटल्याला हजर होते. लांब केस ठेवून वाजवणाऱ्यांना तुरुंगात टाकलं जातं, तर उद्या कुणालाही टाकतील, हे अनेकांच्या लक्षात आलं. त्यातून विचारवंत, कामगार, धर्मगुरू असे एरवी एकत्र न येणारे लोक जुळले आणि जानेवारी 1977 मध्ये ‘चार्टर 77’ हे नागरी हक्कांचं निवेदन निघालं. हावेल 1989 च्या शेवटी राष्ट्राध्यक्ष झाले.

वेलांटी
पण बारकाईने बघा, परिणाम गाण्याचा झाला की खटल्याचा? मी लिहिताना ‘गटावरील खटल्याचा परिणाम म्हणून’ असं लिहीन.

तसंच ट्रान्झिस्टरचं. 1954 मध्ये खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला आणि पुढे तो स्वस्त होत गेला तशी मुलं दिवाणखान्यातल्या रेडिओपासून, म्हणजे आईवडिलांपासून, लांब जाऊन गाणी ऐकू लागली. ते श्रेय आपण सरसकट रॉकला देतो. (खरं तर ट्रान्झिस्टर हा रेडिओतला एक सुटा भाग, पण मराठीत अख्ख्या रेडिओलाच ‘ट्रान्झिस्टर’ म्हणायची पद्धत पडली. इंग्रजीतही तसंच झालं.)

तबकडी
इंग्रजी ‘इन्फ्लुएन्स’चं मूळही मजेदार आहे. ग्रहताऱ्यांमधून माणसात काहीतरी झिरपतं अशी जुनी कल्पना होती, आणि त्याच शब्दाच्या इटालियन रूपावरून रोगाचं नाव पडलं, इन्फ्लुएन्झा. रॉकचे विरोधकही त्याबद्दल संसर्ग असल्यासारखंच बोलत.

वेलांटी
मराठीत तर त्यासाठी तयार शब्द पडून आहे: साथ! रोगाची साथ येते, पसरते. तबल्याची साथ करतात, देतात. अर्धविराम, शीर्षक ‘रॉक संगीत आणि समाजाची साथ’ केलंत तर कोण कुणाला साथ करतंय हे वाचकावर सोडता येईल.

अर्धविराम
मोह होतोय, पण अर्धे वाचक लस शोधायला लागतील. असं करतो: शीर्षकात प्रभाव ठेवतो, कारण शोधणारे तोच शब्द टाकून शोधतात. आत मात्र लेनिनग्राडसाठी ओढ, एल्विससाठी वेड, प्रागसाठी ‘खटल्याचा परिणाम’. पगडा आठ ठिकाणी होता, सातांतून काढला. उरलेला एका काळजी करणाऱ्या बापाच्या तोंडी आहे, तिथे तो शोभतो.