सर्किट बोर्ड पुसण्यासाठी मागे काही न ठेवता उडून जाणारे द्रावक कोणते?

प्रश्न
जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओची दुरुस्ती करताना सोल्डरिंगनंतर बोर्डावर रोझिनचा (सोल्डरबरोबर वापरल्या जाणाऱ्या राळेचा) चिकट, तपकिरी थर राहिला आहे. रॉकेलने पुसल्यास तेलकटपणा राहतो. घरात टर्पेंटाइन, नेलपॉलिश रिमूव्हर आणि सॅनिटायझरही आहे. यांपैकी पूर्ण उडून जाणारे कोणते?

उत्तर १
यांपैकी एकही नाही. रॉकेल हे साधारण १५० ते २७५ अंश सेल्सिअसदरम्यान उकळणाऱ्या अनेक घटकांचे मिश्रण असल्यामुळे त्यातला जड भाग बराच काळ तसाच राहतो. टर्पेंटाइन हवेत ऑक्सिडाइज होऊन चिकट होते, रिमूव्हरमध्ये बहुधा तेल व सुगंध असतो आणि सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असते. आपण ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजेच आयपीए, आणावे. ते ८२ अंशांच्या आसपास उकळते आणि रोझिनही विरघळवते. खात्री करायची असल्यास स्वच्छ काचेवर एक थेंब टाकून वाळू द्यावा व काच उजेडासमोर तिरपी धरावी. अशुद्धी असेल तर थेंबाच्या कडेला वलय दिसते.

प्रश्नकर्ता
औषधाच्या दुकानात ७० टक्क्यांचे मिळते. ते चालेल का? आणि ॲसिटोन तर ५६ अंशांनाच उकळते, मग तेच अधिक चांगले नाही का?

उत्तर २
७० टक्क्यांच्या आयपीएमधले पाणी शेवटपर्यंत मागे राहते, म्हणून बोर्डासाठी ते टाळावे. शुद्ध ॲसिटोनही काही मागे ठेवत नाही, पण रेडिओची डायल पॉलिस्टायरीनची असेल तर ती विरघळते आणि ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. शिवाय ते इतक्या वेगाने उडते की पृष्ठभाग गार पडून पावसाळ्याच्या दमट हवेत त्यावर दव धरते.

मात्र माझ्या मते खरा मुद्दा वेगळाच आहे. द्रावक उडते, त्यात विरघळलेले रोझिन उडत नाही. आयपीएने घासून बोर्ड तसाच वाळू दिला, तर जो पांढुरका थर दिसतो तो बहुतेक वेळा रोझिनचाच असतो, आणि दोष मात्र बाटलीला दिला जातो. म्हणून ब्रशने घासल्यावर ओले असतानाच न धागे सुटणाऱ्या कापडाने टिपून घ्यावे आणि मग ताज्या आयपीएने पुन्हा धुवावे.

उत्तर ३
सेल काढूनच हे काम करावे, खिडकी उघडी ठेवावी आणि जवळपास गॅस किंवा देवघरातला दिवा पेटलेला नसावा, कारण आयपीए आणि ॲसिटोन या दोन्ही द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरून दूरच्या ज्योतीनेही पेट घेऊ शकते. डायलवरच्या छापील आकड्यांना आयपीएही लावू नये.