नळाला पाचव्या दिवशी येतं, त्याला ‘जिवंत पाणी’ म्हणायचं का?

शिलाईवाली_सोलापूर

सर्वांना जय ख्रिस्त. मी सोलापूरला घरी शाळेचे गणवेश शिवते आणि रविवारी शब्बाथशाळेत लहान वर्ग घेते. मागच्या रविवारी बायबलमधला योहान 4 घेतला, याकोबाच्या विहिरीवर येशू एका शोमरोनी बाईकडं प्यायला मागतो आणि तिला ‘जिवंत पाणी’ देऊ करतो ती गोष्ट. ‘जिवंत पाणी’ म्हटलं आणि दुसरीतला एक पोरगा उभा राहिला. “टीचर, मग आमच्या बॅरलमधलं मेलेलं हाय का ओ?”

वर्ग हसला, मीही हसले. उत्तर मात्र सुचलं नाही.

आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आलं की हौद, बॅरल, घागरी, पातेली, दिसेल ते भरायचं. चौथ्या दिवशी बॅरलच्या तळाला हात लावला तर बुळबुळीत लागतो, वर अळ्या वळवळत असतात, मग फडक्यानं गाळून ते भांड्याला वापरायचं. त्या पोराला पाणी म्हणजे हेच माहीत. त्याला ‘हे पवित्र आत्म्याचं प्रतीक आहे’ म्हटलं तर मान डोलवेल आणि दारात जाईस्तोवर विसरेल. कसं सांगू? प्रवचन नको, पंधरा मिनिटं मिळतात मला.

निवृत्त_पाळक

ताई, पोराचा प्रश्न अगदी नेमका आहे. त्या बाईलाही आधी हाच अर्थ लागला होता.

हिब्रूत ‘मयिम हय्यिम’, म्हणजे शब्दशः जिवंत पाणी, हे झऱ्याच्या किंवा वाहत्या पाण्याचं साधं रोजचं नाव. उत्पत्ती 26 मध्ये इसहाकाच्या चाकरांना खोऱ्यात खणताना हेच लागतं. लेवीय 14 मध्ये कुष्ठरोग्याच्या शुद्धीकरणाला हेच लागतं, साठवलेलं चालत नाही. आपल्या मराठीत विहीर खणणारे काय म्हणतात? “जिवंत झरा लागला.” तोच शब्द! म्हणून येशू ‘जिवंत पाणी देतो’ म्हणाल्यावर बाईनं सरळ विचारलं की महाराज, तुमच्याजवळ पोहरा नाही आणि विहीर तर खोल. नाब्लुसजवळ ती विहीर आजही दाखवतात, सुमारे 40 मीटर खोल आहे. रिकाम्या हातानं आलेल्या माणसाला विचारायलाच हवं ते तिनं विचारलं.

आणि बॅरलसाठी यिर्मया 2:13 काढा. देव तक्रार करतो की लोकांनी जिवंत पाण्याचा झरा, म्हणजे मला, सोडलं आणि स्वतःसाठी हौद खणले, तेही फुटके. यहूदाच्या डोंगराळ भागात चुनखडीत हौद खोदून आतून चुन्याचा गिलावा देत. गिलाव्याला तडा गेला की पावसाळ्यात जमवलेलं सगळं मुरून जायचं. हे यरुशलेमेच्या माणसाइतकंच सोलापूरच्या माणसाला कळेल.

सीनाकाठ

पाळकसाहेब, पण पाणी म्हणजे नुसतं जीवन असं पोरांना शिकवू नका. आमच्या घरात पुराचं पाणी शिरलेलं आहे, भिंतीवर छातीएवढ्या उंचीला अजून रेघ आहे. रोम 6 मध्ये बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आहे. बुडणं आधी, वर येणं नंतर. म्हणूनच आमच्या मंडळीत बुडवूनच बाप्तिस्मा देतात, डोक्यावर चार थेंब टाकून नाही.

निवृत्त_पाळक

पुरलं जाण्याचं मान्य. थेंबांवरून मात्र भांडण नको. ‘दिदाखे’ हे मंडळीचं फार जुनं शिक्षण, त्यात सांगितलंय: जिवंत पाण्यात द्या, ते नसेल तर दुसऱ्या, थंड नसेल तर कोमट, आणि दोन्ही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. टंचाई त्यांनाही माहीत होती.

अक्कलकोटरोड

मला वाटतं सगळे विहिरीकडे बघतायत आणि भांडं राहून गेलं. योहान 4:9. यहूदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नाहीत, असं तिथं लिहिलंय. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ काही अभ्यासक ‘एकाच भांड्यातून वापरत नाहीत’ असा लावतात. येशूकडे पोहरा नव्हता, म्हणजे तो तिच्या घागरीतलं मागत होता. विटाळ चालेल म्हणत होता.

माझी आजी गावच्या विहिरीवर लांब बसून राहायची. कुणाला दया आली तर वरून धार धरायचे, ही खाली ओंजळ लावायची. आईसुद्धा सांगते की आजीनं हा पाठ पहिल्यांदा ऐकला तेव्हा ‘जिवंत पाणी’ वगैरे काही कानात शिरलंच नाही. एवढंच विचारत राहिली, “तेनं तिच्याकडं मागितलं?” महाडचं चवदार तळं 1927 चं, तेही पोरांना सांगा. ते बायबलमध्ये नाही, पण पाणी तेच आहे.

शिलाईवाली_सोलापूर

सगळ्यांचे आभार. आज तास झाला.

चर्चच्या आवारात जुना आड आहे, वर जाळी ठोकलेली. पोरांना जाळीवर ओणवं करून बघायला लावलं. खाली काळं पाणी, एक चप्पल तरंगत होती. खडा टाकला तर ‘डुबुक’ यायला वेळ लागला. म्हटलं, हे टँकरनं ओतलेलं नाही, आतून पाझरतंय. बॅरलवाला म्हणाला, “म्हंजे ह्याला टायमिंग न्हाई व्हय?” मी ‘हो’ म्हटलं आणि पुढं काही बोलले नाही.

अक्कलकोटरोड भाऊंचं वाचून रात्री झोप नीट लागली नव्हती. म्हणून एक स्टीलचा ग्लास नेला, सगळ्यांनी त्यातूनच प्यायचं, तोंड लावून. आपली पोरं बाटलीसुद्धा वरून पितात. एकीनं फ्रॉकनं कड पुसली, मग प्याली. मी रागावले नाही, आधी मीही पुसणारच होते. महाडचं सांगायला घेतलं, तेवढ्यात गल्लीतून कुणीतरी ओरडलं, “पाणी आलंऽऽ”. अर्धा वर्ग उठून पळाला. त्या बाईनं घागर टाकून गाव गाठलं, माझी पोरं पाठ टाकून घागरीकडं.

म्हणून चवदार तळं पुढच्या रविवारी. आणि एक मदत पाहिजे. निम्म्या पोरांना पोहरा म्हणजे काय तेच माहीत नाही. आमच्या गल्लीत सगळ्यांकडं बोअर नाहीतर बॅरल. सोलापुरात कुणाकडं जुना पोहरा दोरासकट पडला असेल तर कळवा, मी येऊन नेईन.