डक्टआधी ड्रेन ट्रे पाहा

सेंट्रल एसीची डक्ट, म्हणजे थंड हवा खोल्यांपर्यंत नेणारी नळी, वर्षातून एकदा साफ करून घेतली की कुबट वास जातो, हे मत मला अर्धेच पटते. आमच्या पुण्यातील कार्यालयात ठेकेदाराने ब्रश फिरवून सगळी धूळ व्हॅक्यूमने ओढून काढली, तरी पावसाळ्यात पंधरा दिवसांत वास परतला; एएचयूचे (हवा थंड करून डक्टमध्ये सोडणाऱ्या यंत्राचे) दार उघडले, तेव्हा कूलिंग कॉइलखालच्या (हवा थंड करणाऱ्या नळ्यांखालच्या) ड्रेन ट्रेला, म्हणजे गळणारे पाणी झेलणाऱ्या ट्रेला, उतारच नव्हता, त्यात साचलेल्या पाण्यावर बुळबुळीत थर आला होता आणि लगतच्या डक्टमधले ग्लासवूलचे (काचतंतूंचे) अस्तर हाताला ओले लागत होते. बुरशी धरलेले असे अस्तर ब्रशने साफ होत नाही, ते काढून नवेच बसवावे लागते. त्यामुळे कंत्राटात कॉइल, ट्रे आणि ब्लोअरची (हवा ढकलणाऱ्या पंख्याची) सफाई स्पष्ट लिहून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.